वयस्कर कोंबडीची शुश्रूषा : गृहस्थांसाठी काही सूचना

ज्यांच्या घरी अंडी देणे थांबवलेली, एका पायाने लंगडणारी, छातीला जखम झालेली आणि तरीही रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन हिशेब मागणारी कोंबडी आहे, अशा कुटुंबांसाठी ही मार्गदर्शिका आहे. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही. फक्त वाचता वाचता वाटण लावू नये.

कोंबडीचे म्हातारपण हा विषय पोल्ट्रीवाल्यांच्या पुस्तकात सापडत नाही, कारण तिथे ती वेळच येत नाही. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आसपास जगाचा निरोप घेतो. अंड्यांवरची कोंबडी साधारण ७२ ते ८० आठवडे नोकरी करते आणि पेन्शनचा विषय निघायच्या आत टेम्पोत बसते. परसातली गावठी मात्र घार, मुंगूस, रानमांजर आणि जावई या सगळ्यांतून वाचली, तर सात-आठ वर्षे सहज काढते. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये पीनट नावाच्या कोंबडीची २०२३ साली गिनीज बुकात नोंद झाली, तेव्हा तिने विशी ओलांडलेली होती. मतदार यादीत नाव घालावे असे हे वय. तेव्हा ‘आज आहे, उद्या नाही’ या भरवशावर कोणी आजीबाईंची सेवा हाती घेऊ नये. त्या आपल्याला पुरून उरू शकतात.

सेवेचा पहिला नियम : आजीबाईंचा तळपाय बघावा. लंगडण्याची कारणे पुष्कळ असतात, पण आमच्या सिंधुदुर्गात बहुतेक वेळा उत्तर तळव्यालाच मिळते. रात्री फणसाच्या फांदीवर झोपायचे, सकाळी तिथून थेट चिऱ्याच्या पायरीवर उडी मारायची, असा क्रम वर्षानुवर्षे चालला की तळव्याची कातडी फाटते. आत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू शिरतो आणि मधोमध काळी खपली धरते. खपलीभोवती तळवा सुजून गोल आणि गरम होतो. शेजारी याला ‘काटो लागलो’ म्हणतात आणि पिन घेऊन धावत येतात. त्यांना चहा देऊन बसवून ठेवावे. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, तो आत घट्ट गोळा होऊन बसतो. दाबून तो निघत नाही. निघते ती फक्त आजीबाईंची किंकाळी. गोळा मोठा असेल तर तो डॉक्टरनेच काढायचा.

सुरुवातीचा आजार असेल तर घरी पाय शेकता येतो. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे मॅग्नेशियम सल्फेट, घालून दहा-पंधरा मिनिटे दोन्ही पाय बुडवून ठेवायचे. मग पुसून कोरडे करायचे, पोव्हिडोन आयोडीन लावायचे, वर गॉज ठेवून पट्टी गुंडाळायची. पट्टी बोटांच्या मधून फिरवून घ्यावी, नाहीतर अंगणाच्या पहिल्याच फेरीत ती मागे पडते आणि दुसरी कोंबडी तिला गांडूळ समजून पळवते.

हे सगळे लिहायला सोपे आहे. खरी अडचण मानसशास्त्रीय आहे. कोमट पाणी, मीठ, हळद आणि पातेले या चार वस्तू एकत्र आलेल्या आजीबाईंनी आयुष्यात अनेकदा पाहिल्या आहेत, आणि दर वेळी त्यांच्या नात्यातले कोणीतरी कमी झालेले आहे. त्यामुळे शेकण्यासाठी टोप किंवा पातेले वापरू नये. प्लॅस्टिकचा टब घ्यावा, तोही निळा किंवा हिरवा. पाणी न्हाणीघरात तापवावे, चुलीवर नव्हे. मीठ पुडीतून न काढता आधीच विरघळवून आणावे. या कार्यक्रमाच्या वेळी कोणीही विळी घेऊन नारळ खवायला बसू नये. एवढी काळजी घेतली तर पहिल्या दोन मिनिटांच्या फडफडीनंतर आजीबाई शांत होतात, मान आखडतात, डोळ्यावर खालून पांढरट पापणी चढते, आणि त्या टबात उभ्या उभ्या डुलक्या घेऊ लागतात. अशा वेळी फोन वाजू देऊ नये.

हळदीबद्दल थोडे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले होते. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. माशेलकर मूळचे गोव्यातल्या माशेलचे. तेव्हा हा विजय आपल्या अंगणातलाच म्हणायला हरकत नाही. भारतीय हळदीशी सर्वाधिक जवळचा संबंध आलेल्या कोंबडीजातीची साक्ष मात्र त्या प्रकरणात कोणी काढली नाही. किरकोळ खरचटण्यावर हळद चालेल. खोल जखमेत मात्र ती भरू नये, कारण आत काय चालले आहे ते दिसेनासे होते. शिवाय पिवळ्या झालेल्या आजीबाई अर्ध्या तयारीच्या वाटतात आणि घरात चुकीचा संदेश जातो.

पाय दुखतो म्हणून आजीबाई बसून राहतात आणि बसून राहतात म्हणून दुसरी जखम होते. छातीच्या मधोमध जे धारेचे हाड असते त्यावर सगळा भार येतो, तिथली पिसे झडतात, कातडी लाल होते, फोड येतो, फुटतो. तसेच घोट्यांचे. यावर मलमापेक्षा अंथरूण महत्त्वाचे. जमीन सारवलेली असो की फरशीची, खाली चार बोटे भाताचे तूस आणि वर मऊ पेंढा हवा. जुनी सुती साडी चालते. नायलॉनची चालत नाही, तिच्या धाग्यात नख अडकते. ओले अंथरूण त्याच दिवशी बदलावे. कोंबडीच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो कातडी जाळतो. नाक जवळ नेल्यावर डोळ्यांना झोंबले तर उशीर झाला असे समजावे. (नाक जवळ नेण्याचे काम घरातल्या सर्वांत धाकट्या व्यक्तीला द्यावे. परंपरा आहे.)

आता पावसाळा. या भागात विनोद थोडा बाजूला ठेवतो. जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी शेपटीखालची पिसे वर करून बघावे. बसून राहणाऱ्या कोंबडीची मागची बाजू बरबटते, माश्या तिथे अंडी घालतात आणि एका दिवसाच्या आत अळ्या होतात. वरून काही दिसत नाही. कोंबडी नुसती मलूल होते, आणि आपण म्हणतो, ‘वय झालं.’ तिथली पिसे कात्रीने बारीक करावीत, कोमट पाण्याने धुवावे आणि पूर्ण कोरडे करावे. अळ्या दिसल्या तर सकाळपर्यंत थांबू नये. चिमट्याने काढायला लागावे आणि दुसऱ्याने डॉक्टरला फोन लावावा.

दिवसातून थोडा वेळ आजीबाईंना बसण्यापासून सुटी हवी. त्यासाठी झोळी. आजोबांचा जुना लेंगा यासाठी आदर्श, कापड धुऊन धुऊन मऊ झालेले असते. त्याचा हातभर तुकडा घ्यावा, पायांसाठी दोन भोके पाडावीत, चारही टोके दोन खुर्च्यांच्या मधे बांधावीत. पायाची बोटे जमिनीला जेमतेम टेकली पाहिजेत, लोंबकळता कामा नये. छातीच्या हाडाखाली दुहेरी घडी. मागच्या बाजूला तिसरे भोक असते. त्याचे प्रयोजन सांगण्याची गरज नाही. ते विसरल्यास प्रयोजन आपोआप कळते. समोर डब्यात कणी आणि पाणी ठेवावे. झोळीत बसलेल्या आजीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अशा नजरेने बघतात की माणसे नकळत चपला नीट लावून आत येतात.

बाकीच्या कोंबड्यांचा प्रश्न नाजूक आहे. कळपात कोण कोणाला टोचू शकते याची उतरंड असते. नॉर्वेच्या थॉर्लिफ शेल्डरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या बघत बसण्याचा नाद होता, त्यातूनच १९२० च्या दशकात त्यांनी ही उतरंड शास्त्रात आणली. आमच्याकडे सासू-सुनांनी ती आधीच आणली होती, पण निबंध लिहिला नाही. आजीबाई लंगडू लागल्या की काल-परवाच्या तलंगासुद्धा त्यांना चोच मारून बघतात. त्यात लाल जखम दिसली तर विचारूच नका, रक्त दिसले की त्या टोचतच राहतात. जखमेवर जेन्शियन व्हायोलेट लावले की लाल रंग झाकला जातो. आजीबाई जांभळ्या होतात, पण वाचतात. त्यांना वेगळे ठेवावे, मात्र नजरेआड नव्हे. मधे जाळी असावी आणि जाळीतून एकमेकींना बघता यावे. पूर्ण दूर नेले तर परत आणल्यावर त्या परक्या ठरतात आणि उतरंड तळापासून चढावी लागते. या वयात ते व्हायचे नाही.

खाण्यापिण्यात प्रेम आवरावे. अंड्यांवरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते, कारण तिला कवच बनवायचे असते. आजीबाईंनी तो कारखाना बंद केला आहे. तेच खाद्य चालू ठेवले तर जादा कॅल्शियम मूत्रपिंडांवर येते. मूत्रपिंडे थकली की युरिक आम्ल सांध्यांत साठते आणि आधीच्या लंगडण्यात आणखी एका लंगडण्याची भर पडते. तांदळाची कणी, नाचणी, थोडी हिरवी भाजी, अधूनमधून एखादे गांडूळ असा आहार ठेवावा. खवलेल्या खोबऱ्याचा हट्ट पुरवू नये. वजन वाढले की तळवा फाटतो आणि आपण पुन्हा टबापाशी येतो.

उचलण्याची वेळ संध्याकाळची. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, त्यामुळे दिवसभर हाती न लागणाऱ्या आजीबाई सांज झाली की हवाली होतात. एक हात पोटाखाली, दुसरा पंखांवरून. छाती मात्र आवळू नये. कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचा पिंजरा हलला तरच श्वास होतो. प्रेमाने घट्ट धरणे तिला परवडत नाही. आणि अंग गरम लागते म्हणून घाबरू नये. ४१-४२ अंश सेल्सियस हे तिचे रोजचे तापमान आहे. त्यावर आपल्या डब्यातली गोळी कुटून देण्याचा मोह घरातल्या ज्येष्ठांना होतो. डब्याला कुलूप लावावे. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन आपल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि ती लाखोंनी गेली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, त्याला पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आले. कोंबडीलाही वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम देता येते, पण मात्रा डॉक्टर वजन बघून ठरवतील. तुमच्या काकांचा अंदाज तिथे कामाचा नाही.

डॉक्टरकडे जाताना मनाची तयारी ठेवावी. कोंबडीचे वैद्यक कळपाचे असते. दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, “किती मेल्या?” एकही नाही म्हटले की डॉक्टर पेन खाली ठेवतात. “मग?” मग टोपलीवरचा पंचा बाजूला करून पाय दाखवायचा. पुढची पाच मिनिटे शेळीवाले, म्हशीवाले आणि कंपाउंडर असे सगळे मिळून आजीबाईंचा तळवा बघतात. कोणीतरी वजन विचारते. ते प्रश्नाच्या हेतूनुसार सांगावे : डॉक्टरला खरे, इतरांना निम्मे.

राहिले सामाजिक पंचांग, आणि तिथेच खरी दक्षता लागते. मे महिन्यात चाकरमानी येतात आणि मुंबईहून निघतानाच कोंबडी-वड्यांची घोषणा करून येतात. राखणदाराला द्यायच्या राखणीला बहुधा कोंबडा लागतो, त्या खात्यातून आजीबाई सुटतात. आषाढ सरता सरता गटारी येते. त्या आठवड्यात त्यांना अंगणात सोडू नये. श्रावणात निर्धास्त राहावे, पण गौरीला तिखटाचा नैवेद्य असणाऱ्या घरांनी भाद्रपदात पुन्हा सावध व्हावे. पुढे जत्रा, मग एकतीस डिसेंबर. ‘म्हातारी कोंबडी शिजत नाही’ हा युक्तिवाद करू नये. कुकर निघाल्यापासून तो टिकत नाही, आणि समोरचा चार शिट्या जास्त द्यायला तयार असतो.

“अजून ठेवलंस हिका?” असे मावशींनी विचारले, तर दया, माया, ऋणानुबंध वगैरे शब्द काढू नयेत. त्यांनी चर्चा सुरू होते. शांतपणे म्हणावे, “इंजेक्शनं चालू आहेत, मावशी. अँटिबायोटिक.” हे शास्त्रालाही धरून आहे. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस कोंबडीचे मांस खायचे नसते. आजीबाईंना चुकून हुक्की आलीच, तर त्यांचे अंडेही नाही. मावशींची नजर आजीबाईंवरून उठून माडाकडे जाते. मग त्या विचारतात, कोर्स संपतो कधी?

“अजून दोन महिने, म्हणतात डॉक्टर,” असे सांगावे, आणि ही तारीख कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहावी, म्हणजे पुढे सरकवता येते.