पॅसेजचा मालक

बोरिवली पश्चिमेला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, आमचं शॉपिंग सेंटर आहे आणि मी तिथला मॅनेजर. हे ऐकलं की नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर मालाडचं इनॉर्बिट नाहीतर घाटकोपरचं आर सिटी येतं आणि लग्नाच्या पंगतीत माझ्या पानात दोन जिलब्या जास्त पडतात. मी कशाला बोलू? पण त्या मॉलमध्ये मालक एक, बाकी सगळे भाडेकरू. मॅनेजरने डोळे वटारले की शटर वेळेवर वर जातं. आमचे गाळे बिल्डरने बांधतानाच विकले. दर गाळ्याला वेगळा मालक, सगळ्यांची मिळून सोसायटी आणि त्या सोसायटीचा पगारी नोकर मी. ज्यांना दटावायचं, त्यांच्याच सहीने माझा पगार निघतो.

गाळ्याच्या आतली इंच न् इंच जागा कुणाच्या तरी नावावर आहे. उरला पॅसेज. तो सगळ्यांचा, म्हणून कुणाचाच नाही, म्हणून माझा.

या पॅसेजवरून माझं आणि डमींचं जुनं वैर आहे. कुर्तीवाल्यांची डमी सकाळी शटरच्या आत असते. भवानी झाली की उंबरठ्यावर येते. दुपारी गिऱ्हाईक नाही म्हणून एक फरशी पुढे सरकते. संध्याकाळी विरार लोकलची गर्दी जिन्यावरून उतरेपर्यंत ती पॅसेजच्या मध्यावर पोचलेली असते, समोरच्या दुकानातल्या शेरवानीच्या नाकाला नाक लावून. बघणाऱ्याला वाटावं, यांचं जमलंय.

"भाई, डमी आत घ्या."

"साहेब, पहिला समोरच्याला बोला. त्याने घेतली की माझी आत."

समोरचाही हेच म्हणतो, फक्त गुजरातीत.

डमी आपणहून आत जातात त्या जानेवारीत आणि जुलैत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, याच महिन्यांत 'फॉर्म बी' द्यावा लागतो. यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीने लिहून द्यायचं. जुलै २०२० मध्ये आमच्याच भागात, एस. व्ही. रोडवरच्या इंद्रप्रस्थ शॉपिंग सेंटरच्या तळघराला पहाटे आग लागली तेव्हा अग्निशमन दलाला रोबो उतरवावा लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपाड्याचा सिटी सेंटर मॉल दोन दिवसांहून जास्त जळत होता. ही नावं घेतली की आमचे गाळेधारक गंभीर होतात. आमचा पॅसेज तेव्हा काही दिवस इतका मोकळा होता की वॉचमनला चुकल्यासारखं व्हायचं. मग दिवाळी आली.

पॅसेजच्या शेवटी टॉयलेट आहे. तिथे कुलूप, कारण नाहीतर सगळं स्टेशन येतं. किल्ली माझ्या टेबलावर. ती परत यायची नाही, खिशातून थेट दहिसरला जायची. लाकडी ठोकळा बांधून पाहिला, तोही गेला. शेवटी एका मोडक्या डमीचा कोपरापासूनचा हात किल्लीला बांधला. तेव्हापासून किल्ली हरवलेली नाही. आता भली भली माणसं हातात हात घेऊन पॅसेजमधून लगबगीने जाताना दिसतात. नवीन गिऱ्हाईक दचकतं, जुनं विचारतं, "हात कुठाय?" बिझी असेल तर सांगावं लागतं, हात ब्लाउजपीसवाल्यांकडे आहे.

मेंटेनन्सबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तळमजला म्हणतो, आम्ही लिफ्ट वापरत नाही, पैसे कसले? दुसरा मजला म्हणतो, लिफ्ट बंदच असते, पैसे कसले? यात दोघंही खरे आहेत.

मराठी पाट्यांचं प्रकरण मात्र रंगलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली: देवनागरी अक्षरं ठळक हवीत, इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाहीत. मी टेप घेऊन दुकानोदुकानी फिरलो. मोबाइल कव्हरवाल्याची पाटी मापात अगदी चोख, मराठी आणि इंग्रजी दोन्ही नऊ-नऊ इंच. संध्याकाळी पाहतो तर इंग्रजीच्या मागे एलईडी झगमगतोय आणि मराठी अंधारात.

"कायद्यात उंची लिहिलीय साहेब, लाइट कुठे लिहिलाय?"

असा वकील सोसायटीला मिळाला असता तर बिल्डरकडून जमिनीचं कन्व्हेयन्स कधीच झालं असतं. पुढे पालिकेने पाटी नसलेल्यांना १ मे २०२४ पासून दुप्पट मालमत्ता कर लावायचं जाहीर केलं आणि त्याच आठवड्यात मराठीमागेही दिवे लागले. भाषेच्या प्रेमापेक्षा कराची भीती लवकर उजेड पाडते.

यंदाच्या वार्षिक सभेत डमींचा विषय अखेर अजेंड्यावर आला. बराच खल झाला, वेफर्स आणि सामोसे संपले, आणि ठराव पास झाला: पॅसेजच्या दोन्ही बाजूंना पिवळा पट्टा मारायचा, त्याच्या बाहेर एकही डमी नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एकमत. मी दुसऱ्याच दिवशी पेंटर लावला आणि बँकेच्या कामाला गेलो.

परत आलो तर पट्टा मारून झाला होता. कुर्तीवाल्यांसमोर तो ऐटीत बाहेर वळला होता, शेरवानीवाल्यांसमोर त्याहून थोडा जास्त, मोबाइल कव्हरवाल्यांकडे तर लिफ्टच्या दारापर्यंत. पेंटरला विचारलं, तर म्हणाला, "सगळ्यांनी चहा पाजला साहेब, नाही कसं म्हणणार?" पट्टा सरळ होता फक्त कोपऱ्यातल्या स्टेशनरीवाल्या काकांसमोर. ते चहा पीत नाहीत, त्यामुळे पाजतही नाहीत.

काकांचा लेखी अर्ज माझ्या टेबलावर आला आहे. सगळ्यांना वळण दिलं, मला का नाही?