लवकरच, म्हणजे २०३१ साली

नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लागलं की नोकरदार माणूस आधी किती सुट्ट्या रविवारी वाया गेल्या ते बघतो. चित्रपटवेडा शुक्रवार बघतो. त्याच्या पंचांगात २०२६चे बावन्न शुक्रवार कधीचेच वाटून झालेत. १ मे हा महाराष्ट्र दिन असतो हे त्याच्या कानावर आहे, पण त्याच्या लेखी त्या दिवशी ‘राजा शिवाजी’ आहे. १७ जुलैला ख्रिस्तोफर नोलनची ‘द ओडिसी’. दिवाळीला लक्ष्मीपूजन उरकून ‘रामायण’चा पहिला भाग. १८ डिसेंबरला ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’ आणि त्याच दिवशी ‘ड्यून’चा तिसरा भाग. बावन्न दारं उघडी असली तरी दोन हत्तींना एकाच दारातून आत शिरायची हौस असते, त्याला कोण काय करणार?

पुढच्या वर्षांची कॅलेंडरं अजून छापखान्यातही गेलेली नाहीत. जेम्स कॅमेरॉनचं मात्र तयार आहे. ‘अवतार’चा चौथा भाग २१ डिसेंबर २०२९ला आणि पाचवा १९ डिसेंबर २०३१ला. आम्ही मोजून पाहिलं, दोन्ही दिवशी शुक्रवारच येतो. आपल्याकडे उड्डाणपूल बांधून तयार झाला तरी तो खुला कधी होणार हे कुणी सांगत नाही, आणि इथे २०३१ सालचा शुक्रवार ठरलाय! अर्थात, याच मालिकेचा दुसरा भाग आधी डिसेंबर २०१४मध्ये येणार होता. तो डिसेंबर २०२२मध्ये आला. महिना पाळला, हेही थोडं नाही.

आमचं म्हणणं एवढंच की चित्रपट दाखवण्याचा धंदा आता जोडधंदा झालाय. मुख्य धंदा आहे चित्रपट ‘येणार’ असण्याचा. पूर्वी भिंतीवर पोस्टर लागायचं, खाली ‘लवकरच’ लिहिलेलं असायचं आणि दोन-चार आठवड्यांत चित्रपट खरोखर यायचा. आता आधी घोषणा होते. मग नावाची घोषणा. मग फर्स्ट लूक. मग मोशन पोस्टर, म्हणजे पोस्टरला थोडा वारा लागतो ते. मग टीझर कधी येणार हे सांगणारं पोस्टर, मग टीझर, मग ट्रेलर कधी येणार हे सांगणारा टीझर, मग ट्रेलर आणि मग ट्रेलर पाहताना ज्यांचे डोळे पाणावले त्यांचे व्हिडिओ. एवढं सगळं झाल्यावर नाइलाजाने चित्रपट येतो. तो रविवारी रात्रीपर्यंत जुना होतो.

या शास्त्राचा कळस गाठला मार्व्हलने. २६ मार्च २०२५ रोजी त्यांनी ‘डूम्सडे’मधल्या कलाकारांची नावं जाहीर केली. कशी? नटाचं नाव पाठीवर लिहिलेली एक खुर्ची दाखवली. थोड्या वेळाने कॅमेरा सरकला, दुसरी खुर्ची. अशा सत्तावीस खुर्च्या, आणि कार्यक्रम थेट प्रक्षेपणाने साडेपाच तास चालला. खुर्चीवर कुणी बसलेलं नाही, संवाद नाही, मारामारी नाही. जगभरातली लाखो माणसं रिकाम्या खुर्च्यांकडे डोळे लावून बसली होती. खुर्चीकडे एवढ्या तल्लीनतेने बघणारी माणसं आम्ही याआधी फक्त मंत्रिमंडळ विस्ताराच्या आदल्या रात्री पाहिली होती.

एवढं करून तो चित्रपट ठरल्या तारखेला येईल म्हणता? १ मे २०२६ ही तारीख दिली होती. खुर्च्या दाखवून दोन महिने होत नाहीत तोच ती १८ डिसेंबरवर गेली. मधल्या काळात भक्तांची उपासमार नको म्हणून ‘अवतार : फायर अँड अ‍ॅश’च्या आधी या चित्रपटाचे टीझर दाखवायची शक्कल निघाली. एक नाही, चार. दर आठवड्याला नवा. पहिल्यात कॅप्टन अमेरिका मोटारसायकलवरून घरी येतो, तान्ह्या बाळाला उचलून घेतो आणि अक्षरं उमटतात की हा परत येणार आहे. बस. खाली घड्याळ उलटं धावतंय. म्हणजे तीन तासांचा एक चित्रपट लोकांनी पुन्हा पुन्हा बघावा, तोही दुसऱ्या चित्रपटातला माणूस येणार असल्याचं कळण्यासाठी. आमच्या ओळखीच्या एका कॉलेजकुमाराला आम्ही ‘अवतार’ कसा वाटला विचारलं. “तो सुरू झाल्यावर निघालो,” म्हणाला.

नोलनसाहेबांचा मामला त्याहून खानदानी. ‘द ओडिसी’ पूर्णपणे आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित केलेली आहे, आणि ७० मिलिमीटर आयमॅक्सच्या मोजक्या चित्रपटगृहांतली तिकिटं विकायला काढली १७ जुलै २०२५ला. बरोबर एक वर्ष आधी. तासाभरात बहुतेक जागा संपल्या आणि मग तीच तिकिटं चढ्या भावाने फिरू लागली. आपली रेल्वे ६० दिवसांच्या पलीकडचं आरक्षण देत नाही, आणि तरीही कोकणातल्या गणपतीची गाडी दोन मिनिटांत भरते म्हणून आपण बोटं मोडतो. होमरचा ओडिसियस ट्रॉयहून घरी पोहोचायला दहा वर्षं लावतो आणि पेनेलपी तिकडे वाट बघत विणकाम करते. तिचं निदान रात्री उसवायचं तरी काम होतं. तिकीटधारकाने वर्षभर काय उसवायचं?

खरं सांगायचं तर ‘ओडिसी’ची वाट आम्हीही बघतोय. एखाद्या दिग्दर्शकाने अठ्ठावीसशे वर्षं जुनी गोष्ट उचलावी आणि शेवट सगळ्या जगाला ठाऊक असताना लोकांना ताटकळत ठेवावं, याला अंगात दम लागतो.

शेवट ठाऊक असण्याचीच गोष्ट निघाली तर ‘रामायण’. नितेश तिवारीचं दिग्दर्शन, रणबीर कपूर राम, साई पल्लवी सीता, यश रावण, सनी देओल हनुमान, संगीताला ए. आर. रहमान आणि हान्स झिमर. पहिला भाग २०२६च्या दिवाळीत, दुसरा २०२७च्या. दोन्ही भागांचा खर्च चार हजार कोटींच्या वर जाईल असं निर्मात्यानेच सांगितलंय. जुलै २०२५मध्ये पहिली झलक आली, तीन मिनिटांची, आणि तिच्यात राम-रावण दिसले ते शेवटचे काही क्षण. बाकी नावं. वाल्मीकींच्या वानरांनी शंभर योजनांचा सेतू पाच दिवसांत बांधला होता. तोच सेतू संगणकावर बांधायला वर्षं लागतात, कारण वानरांच्या मागे गुंतवणूकदार नव्हते.

घाई न करण्याचं एक चांगलं कारणही आहे, आणि त्याचं नाव ‘आदिपुरुष’, तोही रामायणावरचाच. २०२२च्या ऑक्टोबरात त्याचा टीझर आला, लोक पोट धरून हसले आणि चित्रपट जानेवारीवरून जून २०२३वर गेला. प्रत्येक चित्रपटगृहात एक खुर्ची हनुमानासाठी राखून ठेवू, असं निर्मात्यांनी जाहीर केलं होतं. पहिला शनिवार-रविवार उलटला आणि मारुतीरायाला हळूहळू अख्खी रांग मिळू लागली.

दिग्दर्शक राजामौलींना ताटकळत ठेवण्याची कला उपजतच आहे. ‘बाहुबली’त कटप्पाने तलवार चालवली २०१५ला आणि का चालवली ते सांगितलं २०१७ला. दोन वर्षं देशाला दुसरा प्रश्न नव्हता. आता त्यांचा महेश बाबू आणि प्रियांका चोप्राबरोबरचा चित्रपट येतोय २०२७मध्ये. त्याचं नुसतं नाव सांगायला नोव्हेंबर २०२५मध्ये रामोजी फिल्म सिटीत जंगी सोहळा झाला. नाव निघालं ‘वाराणसी’. आमच्याकडे बारशाला पाळणा, घुगऱ्या आणि आत्या एवढ्यात भागतं.

‘धुरंधर’ने मात्र शिस्त बिघडवली. डिसेंबर २०२५मध्ये साडेतीन तास बसवून घेतलं, शेवटी हा पूर्वार्ध होता असं कळलं, आणि उत्तरार्धाची तारीख १९ मार्च २०२६. जेमतेम साडेतीन महिने! एवढ्यात पुढच्या भागाची ओढ कशी लागायची? जाणकारांना ही घाई असंस्कृत वाटते.

उलट ‘हेराफेरी’चा तिसरा भाग बघा. पहिला २००० साली, दुसरा २००६ला. तिसऱ्याच्या बातम्या ऐकत एक पिढी बोहल्यावर चढली. मे २०२५मध्ये परेश रावल बाहेर पडले, अक्षय कुमारच्या कंपनीने पंचवीस कोटींची नोटीस धाडली, पुढच्या महिन्यात परेश रावल परत आले. बाबूराव गणपतराव आपटे यांच्या हिशेबाच्या वहीत पंचवीस कोटी मावणार नाहीत, पण चित्रपट निघायच्या आधीच एवढी हेराफेरी झाली की आता तो आला नाही तरी आमची तक्रार नाही.

न येणाऱ्या चित्रपटांची परंपराही आपल्याकडे थोर आहे. कमल हासनच्या ‘मरुदनायगम’च्या मुहूर्ताला ऑक्टोबर १९९७मध्ये चेन्नईत खुद्द राणी एलिझाबेथ हजर होती. राणीने नंतर पंचवीस वर्षं राज्य केलं, तिची कारकीर्द संपली, चित्रपटाची सुरू झाली नाही. आमच्या मराठी मुलखात एवढी राजघराणी बोलवत नाहीत. नोव्हेंबर २०२२मध्ये महेश मांजरेकरांनी ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ जाहीर केला, शिवाजी महाराजांच्या भूमिकेत अक्षय कुमार. महिन्याभराने पहिली झलक आली आणि महाराजांच्या मागच्या झुंबरात विजेचे दिवे आढळले. प्रदर्शन २०२३च्या दिवाळीत होतं. तेव्हापासून तीन दिवाळ्या आल्या, दिवे लागले, चित्रपट लागला नाही. मध्ये मांजरेकरांनी ‘पुन्हा शिवाजीराजे भोसले’ काढून दाखवूनही टाकला.

‘राजा शिवाजी’चीही कुंडली लांब आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये रितेश देशमुखने शिवरायांवर तीन चित्रपट जाहीर केले, दिग्दर्शक नागराज मंजुळे, संगीत अजय-अतुल. पुढे तिनाचा एक झाला, दिग्दर्शनाची खुर्ची रितेशने स्वतःकडे घेतली, अजय-अतुल राहिले आणि कॅमेऱ्यामागे संतोष सिवन आले. सहा वर्षांनी का होईना, तारीख लागली. आम्ही जाणार. पण आमचा जीव अडकलाय तो नागराजच्या दुसऱ्या चित्रपटात, ‘खाशाबा’त. २०२३मध्ये घोषणा झालेला. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणतो, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांना घर गहाण टाकावं लागतं. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. त्यांना ताटकळायची सवय होती, पण म्हणून चित्रपटानेही तीच प्रथा पाळावी?

या सगळ्या टीझरवाल्यांनी एकदा दादासाहेब फाळक्यांकडे शिकवणी लावावी. १९१२ साली पैसे उभे करायला दादासाहेबांनी काय केलं? कुंडीतला वाटाणा रोज थोडा थोडा चित्रित केला आणि मिनिटभराच्या पट्टीत त्याचं रोप करून दाखवलं. सावकाराला खात्री पटली. आमच्या मते भारतातला हा पहिला टीझर, आणि प्रामाणिक, कारण त्यात जे दाखवलं ते खरंच उगवलं होतं. ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागलाही. आता त्याच फाळक्यांवर दोन मोठे चित्रपट येणार आहेत. एकाची घोषणा २०२३ची, राजामौलींच्या नावाने. दुसऱ्याची मे २०२५ची, आमिर खान आणि राजकुमार हिरानींची. दोन्ही अजून घोषणेतच आहेत. आणि परेश मोकाशींनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ २००९मध्येच करून, ऑस्करला भारतातर्फे पाठवून, मोकळं होऊन दाखवलंय. नंदू माधव फाळके झाले होते. तिच्यासाठी कुणी खुर्च्या दाखवल्या नव्हत्या.

आमचं खरं दुखणं इथेच आहे. येणाऱ्या चित्रपटासाठी सहा वर्षं थांबणारा रसिक आलेल्या चित्रपटासाठी सहा दिवस काढत नाही. जुलै २०२५मध्ये ‘येरे येरे पैसा ३’ आणि ‘सैयारा’ एकाच शुक्रवारी लागले, आणि पहिल्या काही दिवसांतच मराठी चित्रपटाचे खेळ काढून हिंदीला दिल्याची ओरड झाली. आंदोलनाचे इशारे निघाले, चित्रपटगृहवाले म्हणाले प्रेक्षक नाहीत. प्रेक्षक कुठे होता? सोफ्यावर, डूम्सडेचं घड्याळ बघत. मराठी चित्रपटाला तो म्हणतो, “ओटीटीवर येईल तेव्हा बघू.” आणि ओटीटीवर येतो तेव्हा त्याला २०२९चा ‘अवतार’ खुणावत असतो.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या गावात जो मराठी चित्रपट लागलाय, त्याच्या वेळा बघा. सकाळी पावणेअकराचा किंवा रात्री साडेदहाचा एखादा खेळ सापडेल. तिकीट शुक्रवारी, फार तर शनिवारी काढा. सोमवारी तो पडद्यावर असेल, असं थिएटरवालाही छातीवर हात ठेवून सांगत नाही.