नानांचा दोष दुरुस्ती अहवाल

पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांत दोन जाती. ज्यांना जर्मनीला जायचंय ते, आणि ज्यांची मुलं तिकडे जाऊन बसलीत ते. नाना दुसऱ्या जातीतले. म्युनिकमधल्या चार वर्षांच्या नातवाशी दोन शब्द बोलता यावेत, एवढ्यासाठी संध्याकाळच्या वर्गाला येतात. जन्म गेला सहकारी संस्थांचं ऑडिट करण्यात.

एकदा बाईंनी एक तक्ता वाटला. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली भाषेच्या ज्या सहा पायऱ्या छापल्या, त्यांवर बेतलेला. प्रत्येक ओळ ‘मी अमुक करू शकतो’ अशी. पुढे ज्याची त्याने खूण करायची. व्हिसाच्या घाईतल्या पोरांनी चहाच्या सुट्टीआधीच सगळे रकाने भरून टाकले. नानांनी तक्ता घरी नेला.

“काका, तुमची प्रगती तुम्हीच तपासायची,” बाई म्हणाल्या.

“ज्याचे हिशेब त्यानंच तपासायचे? अहो, याच्यावर तर संस्था बुडतात!”

त्यांचा पहिला आक्षेप पायऱ्यांवरच. ए१ सगळ्यात खाली आणि सी२ सगळ्यात वर! ऑडिटचा ‘अ’ वर्ग मिळावा म्हणून भलेभले चेअरमन ज्यांच्यापुढे विनवण्या करत, त्यांना इथे पहिल्याच दिवशी ‘ए’ मिळाला आणि तो तळातला निघाला. हे त्यांच्या काही पचनी पडेना.

पुढच्या तासाला फाईल आली. ‘हॉटेलातल्या फॉर्मवर नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व लिहू शकतो’: खूण, सोबत भरलेल्या फॉर्मची स्वसाक्षांकित प्रत. ‘सुट्टीच्या शुभेच्छांचं पोस्टकार्ड लिहू शकतो’: खूण, जावक क्रमांकासह. ‘साधी वाक्यं बोलू शकतो’ इथे मात्र गाडं अडलं. शेरा लाल शाईत: ‘मुख्य वाक्यातील क्रियापद दुसऱ्या स्थानी न बसविता मराठीप्रमाणे शेवटी ढकलण्यात येते. वारंवार सूचना देऊनही त्रुटी कायम.’ हे सगळं स्वतःबद्दल बरं का!

संभाषणाच्या ओळीला तक्त्यातच एक अट आहे: समोरचा माणूस सावकाश बोलायला आणि पुन्हा सांगायला तयार असेल तर. नानांना ही अट फार आवडली. पुढे लिहिलं, ‘सदर अटीचा नातवाकडून सातत्याने भंग होत असल्याने मूल्यमापन स्थगित.’

पोरं हसली. पण आपल्याला नेमकं काय येत नाही, हे त्या वर्गात कुणाला ठाऊक असेल तर ते नानांनाच. बाकीच्यांना ते म्युनिकच्या स्टेशनवर, गाडी सुटताना कळेल.

महिन्याभराने नानांनी दोष दुरुस्ती अहवाल काढला, तीन प्रतींत. एक बाईंना, एक फायलीला, एक म्युनिकला. तिकडून मुलाचं उत्तर आलं, व्हॉट्सअ‍ॅपवर. नुसता अंगठा.

नाना भडकले. “एम. एस. झालाय तिकडे. सही नाही करता येत?”