दुतोंड्याची कंबर आणि आमचा पंखा

कृष्णाची द्वारका समुद्रात बुडाली. नाशिकच्या द्वारका चौकाला समुद्र नाही, पूर आहे तो गाड्यांचा, आणि तो बारमाही. आमची इमारत बुडते ती गच्चीवरच्या चार पानांमुळे.

पाण्याचं ज्ञान नाशिककराला उपजत असतं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला, हे टपरीवरचा कोणीही न विचारता सांगेल. १९६९चा पूर आजोबांकडून ऐकलेला, २००८चा डोळ्यांनी पाहिलेला, २०१९चा मोबाइलवर काढलेला. याच माणसाला विचारा, तुमच्या घरातला पाण्याचा मेन कॉक कुठे आहे? तो आधी सिंकखाली वाकतो, मग माळ्याकडे बघतो आणि शेवटी म्हणतो, ‘हिला माहीत असेल.’

आता घरचा विसर्ग मोजू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर इंचभर पडला, तर सव्वादोन हजार लिटरच्या वर पाणी झालं. एवढं पाणी जायचं कुठून, तर चार इंची पाइपाच्या तोंडातून. त्या तोंडावर असतं काय? संक्रांतीचा मांजा, कबुतरांची पिसं आणि कुणाच्या तरी कुंडीतली माती. शेजारी कठड्याच्या भेगेत पिंपळ. हातभर होता तेव्हाच उपटायचा, पण पिंपळाला हात कोण लावणार! त्याची मुळं खाली उतरली आणि त्यांच्यामागून पाणी. आमच्याकडे श्रद्धेलाही ओल येते.

गच्चीच्या जमिनीचा कठड्याशी जिथे सांधा येतो, तिथे गवंडी सिमेंटची गोलाई देतात. तिला ‘वाटा’ म्हणतात. पाणी कोपऱ्यात थांबू नये म्हणून. हा वाटा फुटला की गळती सुरू होते, आणि दुसरा वाटा, म्हणजे वर्गणीतला, मागितला की बैठक सुरू होते. पहिल्या मजल्याचं म्हणणं, आमच्या डोक्यावर कुठे गच्ची आहे? वास्तविक सोसायट्यांचे आदर्श उपविधी सरळ सांगतात की गच्चीतून पावसाचं पाणी झिरपलं तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, सर्वांत वरच्या फ्लॅटच्या छताच्या गिलाव्यासकट. पण उपविधींची प्रत सेक्रेटरींच्या कपाटात. कपाटामागे ओल.

बरं, कोबा करायचा तो कोरड्या उन्हात. म्हणजे वैशाखात. तेव्हा गच्चीवर कुरडया. वैशाखात गच्ची ज्याच्या त्याच्या मालकीची असते, आषाढात ती सोसायटीची होते. मग भर पावसात ताडपत्री येते, ताडपत्रीवर विटा येतात आणि पाणी विटांना वळसा घालून नेमकं आमच्याच हॉलमध्ये उतरतं. आतून पोपडे खरवडून ‘डॅम्पप्रूफ’ रंग मारणारे तर थोरच. जखम पाठीला आणि पावडर तोंडाला.

न्हाणीघराची गळती हे वेगळं पुराण. वरचे म्हणतात पाइप तुमचा, खालचे म्हणतात पाणी तुमचं. निदान फ्लशची टाकी गळते का ते बघायला तीत चमचाभर खायचा रंग टाकावा आणि फ्लश न करता तासभर थांबावं. भांड्यात रंग उतरला तर आतला रबर गेलेला. पाच रुपयांचा हा रंग आम्ही एकदा शेजारी नेला होता. शेजारच्या काकांनी सन्मानाने बसवलं, चहा पाजला आणि रंग जिलेबीला ठेवून घेतला.

परवा रात्री सव्वाअकराला त्यांचाच फोन.

‘अहो, कळलं का? दुतोंड्याच्या कमरेला लागलं पाणी!’

‘दुतोंड्याचं माहीत नाही काका, आमच्या पंख्याला लागलंय. मेन स्विच बंद करून अंधारात बसलोय.’

‘अरेरे,’ काका म्हणाले. ‘मग फिरायला येता का घाटावर? आम्ही सगळे निघालोय बघायला.’