शिवराईची अंघोळ

लक्ष्मीपूजनाआधी देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या जुन्या नाण्यांना जी अंघोळ घातली जाते, तिला माझा ठाम विरोध आहे. भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या गावात हे बोलणं जोखमीचं; चिंच घराघरात असते आणि मळके देव कुणालाच खपत नाहीत. पण शिवराई जरा उजेडात धरून पाहा. १६७४ च्या राज्याभिषेकापासून पाडलेलं हे नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा मोठा आणि तांबं लहान, त्यामुळे एखादं अक्षर टाकसाळीतच कडेबाहेर गेलेलं. उरलेल्यांवर आपण दरसाल चिंचेचा कोळ आणि मीठ लावून नारळाची शेंडी फिरवतो. ज्याला मळ म्हणतो तो काळसर तपकिरी थर बाहेरून बसलेला नसतो, नाण्याच्याच तांब्याचा झालेला असतो. आंबटाने तो उतरतो, शेंडीने खालचं तांबं झिजतं. शेवटी नाणं आरशासारखं चकचकीत होतं, आणि आरशासारखंच कोरं!

यावर पहिला सवाल ठरलेला : मग पंचपात्रही घासायचं नाही की काय? खुशाल घासा, त्यावर राज्य कुणाचं ते लिहिलेलं नसतं. बरं, लक्ष्मीला लखलखीतच हवं असेल तर दहा रुपयांचं नवं नाणं ठेवा. चालू चलनाला तिने कधी नाक मुरडल्याचं ऐकिवात नाही. चकाकीने भाव वाढतो, हाही गैरसमजच. जाणता संग्राहक घासलेलं नाणं पाहून आधी हळहळतो, मग भाव पाडतो. एक आक्षेप मात्र खरा आहे. घट्ट, गडद हिरवा थर निरुपद्रवी असला, तरी फिकट हिरवी भुकटी झडू लागली तर तो क्षारांनी लागलेला रोग असतो आणि तो नाणं पोखरत जातो. त्यावरही लिंबू हा उपाय नव्हे. असं नाणं वेगळं, कोरडं ठेवून जाणकाराला दाखवावं. नुसती माती असेल तर शुद्ध पाण्यात भिजवून मऊ ब्रशने अलगद काढावी आणि लगेच कोरडं करावं. बस्स.

या तालुक्यात तर जास्तच जपायला हवं. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ मध्ये तिथे झालेल्या उत्खननात सातवाहनांच्या काळातली वस्ती उजेडात आली. नांगराच्या फाळाला लागलेला हिरवट तुकडा निजामाचा पैसा असेल, नाहीतर दोन हजार वर्षांपूर्वीचाही असेल. जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक मोलाचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असं १८७८ चा कायदा सांगतो. तेव्हा आधी कळवा, आणि तोवर चिंच आमटीत घाला.