पुळणीवर गाडी घालणाऱ्यास खुले पत्र

चारचाकीच्या चालकास,

पत्राची सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’ अशी करायची रीत आहे. त्यातला ‘सप्रेम’ मी गाळते आहे, कारण तो खोटा ठरेल. नमस्कार ठेवते. दारी आलेल्याला नमस्कार करावा असं आम्हा गुहागरकरांना लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि तुम्ही तर दार, अंगण, आगर सगळं ओलांडून थेट पुळणीवर आलात. गाडीसकट.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. गाडी मात्र ओळखते: उंच, चारही चाकांना जोर देणारी, टपावर दिव्यांची पट्टी, मागच्या खिडकीतून मोबाइल धरलेला एक हात बाहेर. दर शनिवारी रंग वेगळा, नंबर वेगळा, वागणं तेच. सुरूच्या बनातली पायवाट तुम्ही चाकांनी रुंद करता, लावलेली रोपं तुडवत वाळूवर उतरता आणि लाटांच्या कडेने गाडी गरागरा फिरवता. रील होतं. ते किती जणांनी पाहिलं हे तुम्हाला आकड्यात कळतं. त्या वेळी पुळणीवर आणखी कोण होतं हे तुम्ही एकदा तरी मान वळवून पाहिलंत का?

मी सांगते. सहाएक किलोमीटरची ही पुळण आमच्या गावाची फिरायची जागा आहे. व्याडेश्वराचं दर्शन घेऊन, माडा-पोफळींच्या आगरांमधल्या अरुंद वाटेने माणसं खाली उतरतात. ओहोटीला पाण्याकडेची वाळू घट्ट असते, कोरड्या वाळूसारखी पाय ओढत नाही, म्हणून गुडघे धरलेल्या आज्या वेळ बघून निघतात. त्यासाठी त्यांना मोबाइल उघडावा लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की ढोबळमानाने पूर्ण भरतीची वेळ येते; पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी सुकती. मग त्या निवांत असगोलीच्या दिशेने चालू लागतात.

मुलं पुढे पळालेली असतात. बारीक खेकडे वाळूतलं खाणं चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती मांडत जातात. पोरं त्याला रांगोळी म्हणतात आणि ती न मोडता उड्या मारत जाण्याचा खेळ खेळतात. थंडीत उत्तरेकडून आलेले कुरव पाण्याच्या कडेला थव्याने बसलेले असतात. ऊन चढलं की परतीची वाट सुरूच्या बनातून. खाली सुयांसारख्या पानांचा मऊ थर, वर समुद्रासारखाच घुमणारा वारा, मग केवड्याची जाळी, एखादी उंडी आणि शेवटी आगराचा गडगा. सुरू हे झाड इथलं नव्हे, ते बाहेरून आणून लावलेलं आहे आणि त्याच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, हे मला माहीत आहे. तरीही मार्चच्या उन्हात चार वर्षांच्या मुलाला आणि ऐंशीच्या आजोबांना एकाच सावलीतून चालवत नेणारं ते बन आहे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोलीपर्यंतच्या किनाऱ्यांवर अशी बनं आडवी पाडली. ज्या गावांनी ती गमावली, त्यांना सावलीची किंमत विचारा.

आणि आता तुमच्यामुळे काय गेलं ते ऐका. घरातून निघाल्यापासून आईने पोराचा हात घट्ट धरलेला असतो. रस्ता अरुंद, एसटी येते, डंपर येतो, दुचाक्या सुसाट. पुळणीवर पाय ठेवला की ती तो हात सोडते. आपल्याकडे शहरात फुटपाथ नाहीत, गावात रस्त्याला कडा नाही. पोराचा हात निर्धास्त सोडावा अशी ही एवढीच जागा उरली होती. तुमची गाडी पहिल्यांदा अगदी अंगाजवळून गेली तेव्हापासून आया इथेही हात सोडत नाहीत. लाटांच्या आवाजात मागून येणारं इंजिन ऐकू येत नाही. वाळूवर ब्रेक डांबरासारखा लागत नाही. हे तुम्हाला गाडी शिकवणाऱ्याने सांगितलं नसेल तर मी सांगते: वाळूत खेळायला बसलेलं मूल तुमच्या बॉनेटच्या पलीकडे दिसत नाही. तुमच्या हातून अजून कुणी मेलं नसेल तर तो योगायोग आहे. त्यात तुमचं कौशल्य काडीचं नाही.

मुलांचं झालं. आता रात्री येणाऱ्यांचं.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या या पुळणीवर चढतात. भरतीच्या रेषेच्या वर, म्हणजे तुम्ही गाडी लावून गाणी लावता तिथेच, मादी मागच्या पायांनी खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटून अंगाने दाबते आणि परत जाते. ती पिल्लांसाठी थांबत नाही. तिच्यामागे उरतो तो फक्त वाळूतला माग, वर चढलेला आणि खाली उतरलेला. पहाटे आमचे कासवमित्र तो माग शोधत पुळण चालतात, त्यावरून घरटं हुडकतात, अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवतात आणि कुंपणाच्या आत नेऊन पुरतात. तुमच्या रात्रीच्या फेऱ्यांनी हा माग पुसला जातो. मग घरटं सापडत नाही. सापडलं नाही तर कुत्री उकरतात, किंवा दुसऱ्या दिवशी तुमचंच चाक त्यावरून जाऊन वाळू इतकी दाबून टाकतं की पिल्लांना वर येता येत नाही. माद्याही सगळ्याच अंडी घालत नाहीत. दिवे आणि गोंगाट असला की अर्ध्या वाटेतून परत फिरतात.

पन्नासएक दिवसांनी अंडी फुटतात. तळहाताच्या मधोमध मावणारं पिल्लू जिकडे उजेड जास्त तिकडे निघतं. निसर्गाच्या हिशेबाने तो उजेड समुद्राच्या बाजूचा असायला हवा. तुमच्या टपावरची पट्टी पेटली की ते जमिनीकडे वळतं. समुद्राची दिशा बरोबर धरली तरी वाटेत तुमची चाकोरी असते. तुम्हाला ती चार बोटं खोल वाटते. त्या पिल्लाला ती भिंत आहे. ते चाकोरीतून बाहेर पडायच्या खटपटीत पाण्याला समांतर चालत राहतं, उजाडतं आणि कावळे, घारी येतात.

ही कासवं कुठून कुठे जातात याची थोडी माहिती तुमच्यासारख्या प्रवासाची हौस असलेल्या माणसाला असायला हवी. २०२३ मध्ये गुहागरहून पाठीवर उपग्रह-यंत्र बसवून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये आमच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पोहत आलेल्या त्या आईचं घरटं पाच मिनिटांच्या रीलसाठी चिरडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

कायद्याने तर दिलेला नाही. ऑलिव्ह रिडले हे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हीसुद्धा शिकारच, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील वर्गात धरल्या आहेत. त्या टेकड्या वाऱ्याने रचलेल्या असतात आणि मर्यादवेल, रावणाच्या मिशा अशा वाळूत पसरणाऱ्या वनस्पतींच्या मुळांनी धरून ठेवलेल्या असतात. तुमचं चाक त्या वेली तोडतं, तिथे खाच पडते, पावसाळ्याच्या उधाणात समुद्र त्याच खाचेतून आत येतो, सुरूची मुळं उघडी पाडतो. पुढे आगरातल्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. तुम्ही तेव्हा पुण्या-मुंबईत असता.

तुमची उत्तरं मला पाठ आहेत. मासेमारांचा ट्रॅक्टर चालतो, मग आमची गाडी का नाही? कारण तो होडी ओढायला येतो, काम करतो आणि जातो. त्याला पाणी, वाळू आणि माणसं ठाऊक असतात. दुसरं उत्तर, आम्ही पैसे खर्च करतो म्हणून तुमचं गाव चालतं. वेळासला जाऊन या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे गावकऱ्यांसोबत कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. आज माणसं तिथे घरोघरी मुक्काम करतात, माजघरात जेवतात आणि सकाळ-संध्याकाळ लेकरांचा हात धरून पायी पुळणीवर जाऊन पिल्लं समुद्रात जाताना बघतात. त्या गावात पैसा आला तो चालणाऱ्यांच्या पायांनी.

आणि गाडी रुतली की तुम्हाला आम्हीच आठवतो. पाण्याच्या कडेला चाक फिरलं, वाळू सुटली, भरती चढू लागली की हॉर्न वाजवत हाका मारता. आठ-दहा माणसं हातातली कामं टाकून दोर आणि फळ्या घेऊन धावतात, ट्रॅक्टर येतो, तरी कधी गाडी बुडते आणि तिचं तेल पाण्यावर पसरतं. आमच्यातल्या कुणीही आजवर मदत नाकारली नाही. पुढेही नाकारणार नाही, कारण आत तुमची मुलंही असतात.

म्हणून एक मागणं आहे, त्याच मुलांसाठी. गाडी गावातल्या डांबरी रस्त्यावर लावा. चपला हातात घ्या. ओहोटीची वेळ कुणालाही विचारा, सांगतील. मुलांना पुढे पळू द्या. डिसेंबर ते मे या काळात आलात तर पहाटे कासवमित्रांबरोबर चालायला मिळेल का, तेही विचारा. ते आनंदाने नेतात.

हे पटलं नाही तर दुसरंही सांगून ठेवते. आम्ही फिरायला जाणाऱ्यांनी ठरवलं आहे की यापुढे वाळूवर दिसलेल्या प्रत्येक गाडीच्या नंबरचा फोटो काढायचा आणि त्याच दिवशी पोलिसांत व वनविभागात लेखी तक्रार द्यायची. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावातल्या वाचकांना माझी विनंती आहे: तुम्हीही द्या.

गुहागरच्या पुळणीवर रोज चालणारी एक रहिवासी