मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

सरकारी कचेरीत सुरक्षेचा विचार होत नाही, असे म्हणणाऱ्याने नियम वाचलेले नसतात. जून 2022मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती कंत्राटी आणि बाहेरून घेतलेल्या माणसांनाही लागू. गूगल ड्राइव्ह नको, ड्रॉपबॉक्स नको, परके व्हीपीएन नको, कॅमस्कॅनर नको. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून टेबलाला डकवायचा नाही, आणि दर 45 दिवसांनी तो बदलायचा. संगणकावर खाते साध्या वापरकर्त्याचे. अ‍ॅडमिनचे अधिकार हवे असतील तर मुख्य माहिती सुरक्षा अधिकाऱ्याची मान्यता हवी. बहुतेक सूचना शहाणपणाच्या आहेत. आवक-जावक पाहणाऱ्या लिपिकाला त्या पुरतातही. पंचाईत होते ती त्याच छपराखाली बसून जनतेसाठी मोबाइल अ‍ॅप लिहिणाऱ्याची. त्याला अँड्रॉइड स्टुडिओ बसवायचे असते, त्यातला नकली फोन चालावा म्हणून संगणकाच्या मुळाशी असलेली व्हर्च्युअलायझेशनची कळ चालू करायची असते, खरा फोन यूएसबीच्या वायरने जोडायचा असतो. शिवाय प्रोजेक्ट उघडला रे उघडला की ग्रेडल नावाचा कारभारी कुणालाही न विचारता इंटरनेटवरून परक्या लायब्ऱ्यांचा ढीग आणून टाकतो. फोनचे बरे असते. सेटिंगमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की तुम्ही डेव्हलपर झालात, असे तो स्वतःहून जाहीर करतो. कचेरीत तेवढ्यासाठी टिपणी सादर करावी लागते.

या टिपणीच्या प्रवासाला सगळे जण निव्वळ गैरसोय समजतात. माझे म्हणणे असे की, नियमांच्या यादीत नसलेले सर्वांत मोठे सुरक्षा-भगदाड तेच आहे. सरळ वाट लांबली की माणूस आडवाट धरतो. पुरावा चीनमधला आहे. आयफोनची अ‍ॅप बनवण्याचे अ‍ॅपलचे अधिकृत साधन म्हणजे एक्सकोड. ते काही जीबींचे प्रकरण, आणि अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून चीनमध्ये उतरवून घ्यायला फार वेळ लागे. तेव्हा तिथल्या अनेक डेव्हलपरांनी बायडू या चिनी कंपनीच्या फाइल-साठ्यावर कोणीतरी ठेवलेली प्रत घेतली. मॅकमधला गेटकीपर नावाचा पहारेकरी अशी प्रत आत घेत नाही, म्हणून त्यालाही बाजूला केले. त्या प्रतीत चोरकोड मिसळलेला होता. सप्टेंबर 2015मध्ये हे उघडकीला आले तोवर वीचॅटसारखी अ‍ॅपसुद्धा बाधित झाली होती, आणि ती सगळी अ‍ॅपलच्या दुकानातून रीतसर तपासणी होऊन बाहेर पडलेली. पुढे 2021मध्ये एका खटल्यात अ‍ॅपलचे अंतर्गत ईमेल बाहेर आले, तेव्हा आकडा कळला: अडीच हजारांवर अ‍ॅप आणि 12 कोटी 80 लाख वापरकर्ते. अ‍ॅपलने बाधित अ‍ॅप हटवली, सूचना काढल्या, पण त्याबरोबर एक्सकोड चीनमधूनच झटपट उतरवता येईल, अशी व्यवस्थाही जाहीर केली. सरळ वाट जलद केली, हे महत्त्वाचे. आपल्याकडे अशा प्रसंगी डेव्हलपरांकडून हमीपत्र लिहून घेतले असते, तीन प्रतींत.

यावर सुरक्षा अधिकारी म्हणतील, धोका खरा आहे, मग कडक राहायचे नाही तर काय करायचे? धोका खराच आहे. 2020च्या अखेरीस सोलारविंड्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीचे प्रकरण फुटले. हल्लेखोरांनी तिथे तयार सॉफ्टवेअरला हात न लावता ते जिथे घडते त्या यंत्रणेतच शिरकाव केला होता. बाहेर आलेल्या अद्ययावत आवृत्तीवर कंपनीची खरी डिजिटल सही होती, आणि सुमारे 18 हजार ग्राहकांनी ती घेतली. त्यांत अमेरिकेचे अर्थखातेही होते. ‘सॉफ्टवेअर सदैव अद्ययावत ठेवावे’ हा नियम ज्यांनी इमानाने पाळला, तेच सापडले. म्हणजे पहारा हवा तो अ‍ॅप जिथे घडते तिथे. सहीची किल्ली कुठे आहे, कोणती लायब्ररी कुठून आली, बिल्ड कोणत्या यंत्रावर झाले, हे प्रश्न विचारायला हवेत. सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारी संस्थेने ऑक्टोबर 2024मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, ते पाऊल योग्य दिशेचे आहे. तेवढे श्रेय सर्ट-इनला द्यायला हवे. पण रोजची धाव असते ती मान्यताप्राप्त सुरक्षा-परीक्षकाच्या प्रमाणपत्राकडे. परीक्षक एक आवृत्ती तपासतो, कागद देतो, कागद नस्तीला लागतो. आठवड्याने अ‍ॅपमध्ये चार लायब्ऱ्या बदलतात. कागद तोच राहतो, आणि तो दाखवला की कोणी पुढचे विचारत नाही.

दुसरा आक्षेप असा की, नियमांमुळे निदान जबाबदारी तरी ठरते. ठरते का? आरोग्य सेतू आठवून पाहा. एप्रिल 2020मध्ये कोविडच्या साथीत आलेले, कोट्यवधींच्या फोनमध्ये गेलेले अ‍ॅप. ते कोणी आणि कसे तयार केले, हे माहिती अधिकारात विचारले गेले तेव्हा ज्या एनआयसीचे नाव त्यावर होते तिचेच उत्तर आले की, ही माहिती आमच्याकडे नाही. ऑक्टोबर 2020मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने नोटीस काढल्यावर खुलासा झाला की अ‍ॅप एनआयसीने उद्योग आणि शिक्षण क्षेत्रातल्या स्वयंसेवकांच्या सहकार्याने बनवले. अँड्रॉइडचा मूळ कोड तर मे महिन्यातच खुला केलेला होता. म्हणजे कोड जगाला दिसत होता. फक्त कार्यालयाला स्वतःची नस्ती दिसत नव्हती. टेबलावरच्या चिठ्ठीवर पासवर्ड कोणी लिहिला हे शोधून काढणारी शिस्त इथे का कामी आली नाही, याचे उत्तर सोपे आहे. चिठ्ठी डोळ्यांना दिसते. आणि जे दिसते त्यावरचा नियमही तपासलेला असतोच असे नाही; पासवर्डचेच पाहा ना. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने 2017मध्येच सांगितले की, ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, कारण माणसे जुन्याच्या शेपटाला एक आकडा जोडतात. पाच वर्षांनी आपण 45 दिवसांचा नियम काढला.

नियम असावेत, पण नियम घालणाऱ्यालाही मुदत असावी, एवढीच मागणी आहे. आपण मुदती घालत नाही असे मुळीच नाही. सर्ट-इनच्या एप्रिल 2022च्या आदेशानुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचा असतो. महाराष्ट्रात तर दप्तर दिरंगाईला चाप लावणारा 2005चा कायदाच आहे. नस्ती एका टेबलावर साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, आणि दुसऱ्या विभागाला विचारायचे असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे त्यात आहे. समजा, मंत्रालयातल्या एखाद्या खात्याने एनआयसीचे नियम जसेच्या तसे उचलले आणि अँड्रॉइड स्टुडिओच्या परवानगीची नस्ती माहिती तंत्रज्ञान विभागाकडे धाडली. सगळे काही कायद्याच्या चौकटीत, एक दिवसही उशीर न होता पार पडले, तरी परवानगी हातात पडेपर्यंत त्या डेव्हलपरने दोनदा पासवर्ड बदललेला असेल. दरम्यान मंत्रिमहोदयांनी अ‍ॅपच्या लोकार्पणाची तारीख जाहीर केलेली असते. ती पाळलीही जाते. अ‍ॅप कोणाच्या लॅपटॉपवर तयार झाले, हे मात्र त्या समारंभात कोणी विचारत नाही.